एकाच खात्यावर मांडलेले दोन हत्ती

हस्तिदंताचा व्यापार आज कायद्याने बंद आहे आणि तो बंद झाला हे उत्तमच झाले. परंतु तो चालू होता त्या काळी माल पारखणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती, जी प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत फार उशिरा दाखल झाली. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून येणाऱ्या दातांचे व्यापारी दोन वर्ग करीत असत, नरम आणि कठीण. पूर्व किनाऱ्यावरून, म्हणजे मुख्यतः झांझिबारच्या बंदरातून निघणारा दात नरम समजला जाई. तो पांढरा, अपारदर्शक आणि करवतीखाली सहज येणारा असे. पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या अरण्यांतून येणारा दात कठीण. त्याला काचेसारखी किंचित पारदर्शक झाक असे आणि हत्यार त्यावर जपून चालवावे लागे. झांझिबारचा माल मोठ्या प्रमाणावर मुंबईस उतरत असे. कच्छ-काठियावाडातील व्यापाऱ्यांच्या पेढ्या त्या बेटावर होत्या. काही दात गुजरात-राजस्थानातील नववधूंच्या चुड्यांसाठी इकडे राहत आणि बरेचसे पुन्हा जहाजावर चढून लंडनला जात. पुढे विसाव्या शतकात जपानमध्ये नावाचे शिक्के कोरणाऱ्या कारागिरांनी कठीण दातालाच अधिक पसंती दिली.

माल दोन तऱ्हेचा, कारागिराच्या हाताला लागणारा फरक उघड. मग माल देणारा प्राणी तेवढा एकच कसा? हा प्रश्न व्यापाराच्या कामाचा नव्हता. ज्यांच्या कामाचा होता त्या प्राणिशास्त्रज्ञांपैकी एकाने तो विचारला. जर्मनीतील पाउल माट्शी यांनी १९०० साली कॅमेरूनमधील हत्तींवरून एक नवी प्रजाती नोंदवली आणि तिच्या नावात ‘गोल कानांची’ या अर्थाचा शब्द घातला. माळरानावरच्या हत्तीचे कान मोठे आणि खाली टोकदार होत गेलेले असतात. अरण्यातील हत्तीचे कान लहान व गोलसर. माळावरचा नर खांद्यापाशी तीन मीटरहून उंच भरतो, अरण्यातला सहसा अडीच मीटरच्या आतबाहेर. एकाचे दात बाक घेऊन पुढे येतात, दुसऱ्याचे सरळ जमिनीकडे उतरतात, घनदाट झाडीतून वाट काढताना अडकू नयेत असे. एवढी लक्षणे सांगूनही माट्शींची प्रजाती टिकली नाही. हत्ती प्रदेशाप्रमाणे लहानमोठे असतातच, मधल्या बांध्याचे हत्तीही दिसतात, अरण्यातील कवट्या संग्रहालयांत मोजक्या, असे म्हणून पुढच्या पंडितांनी तिला उपप्रजातीच्या पायरीवर उतरवले. म्हणजे वेगळे खाते न उघडता मूळ खात्यातच एक शेरा मारला. तो शेरा तसाच जवळजवळ शंभर वर्षे राहिला.

येथे वाचकांच्या मनात एक रास्त शंका येईल. दिसण्यात फरक आहे म्हणावे तर आपल्याकडे गाईचेही कितीतरी वाण आहेत आणि त्या सर्व गाईच आहेत. मग वेगळी प्रजाती म्हणायची केव्हा? आणि उलट बाजूने, दिसण्यात काहीच फरक नसेल तर दोन प्रजाती आहेत हे कळायचे कसे? ही दुसरी बाजू अधिक चमत्कारिक आहे, म्हणून हत्तींकडे जाण्यापूर्वी तिची एक-दोन उदाहरणे पाहू.

ब्रिटनमध्ये घरांच्या छपरांत राहणारे एक चिमुकले वटवाघूळ आहे, पिपिस्ट्रेल नावाचे. ते सर्वांच्या परिचयाचे, अगदी सामान्य. त्याचे आवाज माणसाच्या कानांना ऐकू येण्याच्या पलीकडचे असतात. यंत्राने ते मोजू लागल्यावर असे दिसले की काही वटवाघळे सुमारे ४५ किलोहर्ट्झवर साद घालतात आणि काही ५५वर, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. १९९७ मध्ये जनुकीय तपासणीने निकाल दिला, की या दोन प्रजाती आहेत. माणसाने शतकानुशतके एक समजलेला शेजारी खरोखर दोन निघाला.

दुसरे उदाहरण मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशाचे. तेथे निळी चमक असलेले एक फुलपाखरू आहे, अ‍ॅस्ट्राप्टिस फुल्जरेटर या नावाने १७७५ पासून शास्त्राला ठाऊक असलेले. डॅनिएल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स या पतिपत्नींनी ग्वानाकास्ते येथील संरक्षित अरण्यात त्याच्या अळ्या वर्षानुवर्षे गोळा करून वाढवल्या. अळ्यांचे रंग वेगळे, त्या खातात ती झाडे वेगळी, पण कोशातून बाहेर येणारी फुलपाखरे जवळपास हुबेहूब सारखी. त्यांनी कॅनडातील पॉल हेबर्ट यांच्याकडे नमुने दिले. हेबर्ट यांनी प्राण्यांच्या प्रत्येक पेशीतील एका ठरावीक जनुकाची अक्षरे वाचून ओळख पटवण्याची रीत पुढे आणली होती आणि तिचे नाव त्यांनी सरळ दुकानातून उचलले होते : बारकोड. ४८४ फुलपाखरांचे बारकोड वाचल्यावर २००४ मध्ये या मंडळींनी जाहीर केले, की एका नावाखाली निदान दहा प्रजाती आहेत. दहा या आकड्यावर पुढे इतर शास्त्रज्ञांनी बरीच घासाघीस केली आणि तो खाली आणला. पण ‘एक’ या आकड्याकडे परत जाण्याचे कोणी सुचवले नाही.

प्रजाती वेगळी म्हणण्याची कसोटी या उदाहरणांतून बरीचशी ध्यानात येते. दोन समूह एकाच परिसरात राहूनही हजारो पिढ्या आपापसातच संतती वाढवत आले असतील, तर दोघांच्या जनुकांतील अक्षरे हळूहळू निरनिराळी होत जातात. डोळ्यांना तो फरक दिसो वा न दिसो, पेशीतली वही लिहिली जातच असते.

आता हत्तींकडे येऊ. निकोलस जॉर्जियाडिस या संशोधकाने १९९०च्या दशकात आफ्रिकेभर हिंडून हत्तींच्या कातडीचे नमुने जमवले. कातडीचा बारीक तुकडा घेऊन आपोआप गळून पडणारी सुई बंदुकीने दुरून मारायची आणि हत्ती निघून गेल्यावर ती शोधून उचलायची, अशी ही पद्धत. माळावर हे काम अवघड असले तरी होण्याजोगे आहे. अरण्यात हत्ती दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही आणि दिसला की मग संशोधकालाच पळायचे असते. तरीही २१ ठिकाणच्या १९५ हत्तींचे नमुने अमेरिकेत स्टीफन ओब्रायन यांच्या प्रयोगशाळेत पोहोचले आणि तेथे आल्फ्रेड रोका यांनी त्यांतील चार जनुके वाचली. २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आला. कॅमेरूनच्या उत्तरेकडील माळावरचा हत्ती हजारो किलोमीटर दूर असलेल्या दक्षिण आफ्रिका खंडातील माळावरच्या हत्तीशी जुळत होता. पण त्याच्या मानाने कितीतरी जवळ असलेल्या अरण्यातील हत्तीशी जुळत नव्हता. अंतरापेक्षा राहणीची रेघ ठळक होती. आफ्रिकी आणि आशियाई हत्ती यांच्यात त्या जनुकांपुरता जितका फरक आहे, त्याच्या ५८ टक्के फरक या दोघांमध्ये होता. या लेखात यापुढे त्यांना माळहत्ती आणि वनहत्ती म्हणू.

एवढ्याने वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण लवकरच विरोधी पुरावा पुढे आला आणि तोही जनुकांचाच. पेशीत मुख्य जनुकसाठ्याखेरीज तंतुकणिकांमध्ये एक छोटा स्वतंत्र साठा असतो. तो फक्त आईकडून येतो. काही माळहत्तींमध्ये हा साठा वनहत्तींचा सापडला. मग दोघे वेगळे कसे म्हणायचे? उत्तर हत्तींच्या कुटुंबरीतीत दडलेले होते. हत्तिणी जन्मभर आपल्या आईच्या कळपात राहतात. नर वयात आला की बाहेर पडतो आणि भटकतो. फार पूर्वी सीमेवरच्या वनहत्तिणींच्या कळपांत थोराड माळहत्ती शिरले, त्यांना झालेल्या लेकी त्याच कळपात राहिल्या, त्यांच्याशी पुन्हा माळहत्तींचाच संग झाला, आणि असे कित्येक पिढ्या चालले. मुख्य जनुकसाठ्यातला वनहत्तीचा वाटा दर पिढीला निम्मा होत होत जवळजवळ संपला. आईकडचा छोटा साठा मात्र तसाच राहिला. आपल्याकडे आडनाव बापाकडून चालत येते; दहा पिढ्यांनंतर त्या मूळ पुरुषाचे रक्त किती उरले कोण सांगणार, पण पाटीवरचे नाव तेच असते. हत्तींमध्ये हीच पाटी आईच्या बाजूने चालत आली होती. २००५ मध्ये रोका व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उलगडा केला. मला या सर्व प्रकरणात हा भाग सर्वांत देखणा वाटतो, कारण येथे विरोधी पुराव्यानेच मूळ म्हणणे अधिक भक्कम केले. संकर होत आले, आणि होऊनही दोन घराणी मिसळली नाहीत.

२०१० मध्ये आणखी एक पाऊल पडले. या वेळी तुलनेला लोकरी मॅमथ आणि मॅस्टोडॉन या नामशेष प्राण्यांच्या अवशेषांतील डीएनए घेतला होता. हिशेब असा निघाला की माळहत्ती आणि वनहत्ती यांची वाट सुमारे २६ ते ५६ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. म्हणजे आशियाई हत्ती आणि मॅमथ यांच्यातील दुराव्याइतकाच हा दुरावा जुना आहे. आशियाई हत्ती आणि मॅमथ यांना एक प्रजाती म्हणण्याचे धाडस कोणी केले नव्हते.

यानंतरही जगातील वन्यजीवांच्या स्थितीची अधिकृत यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या यादीत आफ्रिकी हत्ती एकच राहिला. संस्थेच्या आफ्रिकी हत्तीविषयक तज्ज्ञगटाने २००१च्या शोधानंतर काही काळातच भूमिका घेतली होती की घाईने दोन प्रजाती मानू नयेत. त्यांचे कारण पोरकट नव्हते. संरक्षणाचे कायदे प्रजातीच्या नावाने लिहिलेले असतात. दोन नावे झाली तर मधल्या पट्ट्यातले संकरित हत्ती कोणत्या नावाखाली येणार? ते कोणाच्याच खाती न पडता उघड्यावर राहतील, ही भीती होती. सावध माणूस असाच विचार करील. परंतु सावधपणाची किंमत कोणी भरली, हे पाहावे लागेल.

आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्यास फारसे शब्द लागू नयेत. एका पेढीच्या दोन शाखा आहेत आणि खतावणी मात्र एकच. थोरली शाखा नफ्यात, धाकटी भांडवल खात चाललेली. वर्षअखेर तेरीज काढली की शिल्लक बरी दिसते, आणि धाकट्या शाखेचे दिवाळे कुलूप लागेपर्यंत कळत नाही. आफ्रिकेत नेमके हेच झाले. बोट्सवानासारख्या दक्षिणेकडील देशांत माळहत्ती चांगले वाढत होते. एकट्या त्या देशात ते लाखाच्या वर आहेत. शिवाय माळहत्ती विमानातून मोजता येतात. वनहत्तीवर झाडांचे छत असते. त्याची गणती करायची तर माणसांनी अरण्यात आखलेल्या रेघांवरून चालत जाऊन लेंड्या मोजायच्या आणि त्यावरून अंदाज बांधायचा. म्हणून ज्याची मोजणी सोपी त्याचेच आकडे बेरजेत भारी पडले. १९९६ मध्ये आफ्रिकी हत्तीची श्रेणी ‘संकटग्रस्त’ होती. २००४ मध्ये दक्षिणेकडील वाढ पाहून ती एक पायरी सौम्य करून ‘असुरक्षित’ करण्यात आली.

आणि त्याच काळात अरण्यात काय चालले होते? मध्य आफ्रिकेतील अनेक देशांत पायी केलेल्या गणत्या एकत्र करून २०१३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार २००२ ते २०११ या अवघ्या नऊ-दहा वर्षांत वनहत्तींची संख्या ६२ टक्क्यांनी घटली होती. गाबोनमधील मिन्केबे हे राष्ट्रीय उद्यान त्यांचे सर्वांत सुरक्षित घर मानले जाई. तेथे २००४ ते २०१४ या दशकात दर पाच हत्तींपैकी सुमारे चार नाहीसे झाले. लाकूडतोडीसाठी अरण्यात नवे रस्ते गेले, त्या रस्त्यांनी शिकारी गेले, आणि कठीण दाताला दूरदेशी गिऱ्हाईक होतेच.

यातली आणखी एक गोष्ट मन विषण्ण करणारी आहे. अँड्रिया टर्कालो या बाईंनी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील झांगा नावाच्या एका मोकळ्या पाणथळीवर १९९०पासून वीसहून अधिक वर्षे बसून हत्ती पाहिले. अरण्यातून क्षार चाटायला तेथे हत्ती येतात आणि तेवढा वेळ दिसतात. बाईंनी हजारो हत्ती कान, दात आणि जखमांच्या खुणांवरून ओळखून त्यांची जन्मनोंद ठेवली. त्या नोंदींवरून कळले, की माळहत्तीण साधारण बाराव्या वर्षी पहिल्यांदा विते आणि वनहत्तीण सरासरी तेविसाव्या. त्यानंतरही वनहत्तिणीच्या दोन पिल्लांत पाच-सहा वर्षांचे अंतर. म्हणजे ज्याचे भांडवल जास्त वेगाने उडाले त्याचेच उत्पन्न निम्म्या गतीचे. त्या एका दशकातील तूट भरून यायला, आज शिकार पूर्ण थांबली तरी, जवळजवळ शतक लागेल असा या अभ्यासाचा हिशेब होता. दोघांना एक समजून, माळहत्तीच्या जन्मदराने वनहत्तीचे भविष्य मांडणारे सर्व आराखडे त्यामुळे मुळातच चुकीचे ठरतात.

मार्च २०२१ मध्ये आययूसीएनने अखेर खाती वेगळी केली. वेगळी करताच जे दिसले ते असे : माळहत्ती गेल्या ५० वर्षांत निदान ६० टक्क्यांनी घटलेला, म्हणून ‘संकटग्रस्त’, वनहत्ती ३१ वर्षांत ८६ टक्क्यांहून अधिक घटलेला, म्हणून ‘अतिसंकटग्रस्त’. त्या श्रेणीच्या पुढची पायरी वनातून नाहीसे होण्याची आहे. २००१च्या शोधापासून या नोंदीपर्यंत वीस वर्षे गेली. जनुकांचे अक्षर वाचायला विज्ञानाला जितका वेळ लागला, त्याहून अधिक वेळ ते कागदावर उतरायला लागला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

कोणी म्हणेल, नाव एक असो की दोन, हत्ती वाचवायचा तो वाचवायचाच. खरे आहे. पण हे दोघे एकमेकांची जागा भरून काढू शकत नाहीत. वनहत्ती प्रामुख्याने फळे खाणारा आहे. मध्य आफ्रिकेच्या अरण्यात अशी झाडे आहेत ज्यांची फळे इतकी मोठी आणि कठीण असतात, की ती गिळून बी दूरवर नेऊन टाकणारा दुसरा प्राणी जवळपास नाही. तो लहान, मऊ लाकडाची झाडे मोडतो आणि मोठ्या, दाट लाकडाच्या वृक्षांना जागा करून देतो. २०१९ मधील एका अभ्यासात असा अंदाज मांडला गेला, की वनहत्ती नाहीसा झाला तर तेथील वृक्षांत साठून राहणारा कार्बन सुमारे ७ टक्क्यांनी कमी होईल. बोट्सवानाच्या माळावर हत्ती कितीही वाढले तरी काँगोच्या खोऱ्यातले हे काम ते करणार नाहीत.

जनुकांच्या या वाचनाचा उपयोग आता थेट तस्करीविरुद्धही होत आहे. अमेरिकेतील सॅम वॉसर यांनी आफ्रिकेच्या कोनाकोपऱ्यांतून हत्तींच्या लेंड्या जमवल्या. लेंडीवर आतड्याच्या पेशी असतात आणि त्यांत डीएनए असतो. हत्तीला हात लावावा लागत नाही, त्याला दिसावेही लागत नाही. त्यावरून कोणत्या प्रदेशातला हत्ती कसा लिहिलेला आहे याचा नकाशा तयार झाला. मग बंदरात जप्त झालेल्या दातांचे तुकडे त्या नकाशाशी ताडून पाहिले. २०१५ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की मोठ्या जप्तींतील वनहत्तींचे बहुतेक दात कॅमेरून, गाबोन आणि काँगो यांच्या सीमा भिडतात त्या एका पट्ट्यातून येत होते, आणि माळहत्तींचे टांझानिया व मोझांबिकच्या भागातून. माल कोणत्या गावचा हे दातच सांगू लागला. पूर्वी कारागीर जे करवतीच्या आवाजावरून अर्धेमुर्धे ओळखत, ते आता पुष्कळ अधिक नेमकेपणाने कळते. एवढेच, की आता ते विकत घेण्यासाठी कोणी विचारीत नाही. आफ्रिकी हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८९च्या करारातील निर्णयाने थांबला आणि भारताने १९९१च्या कायदादुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही धंदा बंद केला. मुंबईच्या बाजारातील ती ओळ तेव्हा संपली.

राहिला प्रश्न मधल्या पट्ट्यातल्या संकरित हत्तींचा, ज्यांच्या नावाने वीस वर्षे निर्णय थांबला होता. ते खरोखरच आहेत, पण थोड्या ठिकाणी. काँगो आणि युगांडा यांच्या सीमेवर, जेथे अरण्य संपून माळ सुरू होतो, तेथे ते प्रामुख्याने आढळतात. युगांडातील किबाले या उद्यानात लेंड्यांवरून केलेल्या तपासणीत संकरित हत्तींचे प्रमाण लक्षणीय दिसले. माळावर हत्यारबंद शिकाऱ्यांचा त्रास वाढला तेव्हा माळहत्ती जीव वाचवण्यासाठी अरण्यात शिरले आणि तेथेच राहिले, असे त्यामागचे एक कारण संशोधक सांगतात. दोन घराण्यांनी लाखो वर्षे पाळलेली वेस अशा रीतीने तेथे ओलांडली जात आहे, आणि या हत्तींची नोंद कोणत्या खात्यावर करावी याचा निर्णय अजून व्हायचा आहे.